एडिटर कोणाकरिता?

शाळेत कॉम्प्युटरची खोली होते, यंत्रे टेबलांवर मांडली जातात, वीज आली की सुरू होतात, आणि मग गुरुजींच्यापुढे अगदी साधा दिसणारा एक प्रश्न उभा राहतो : मुलांना लिहायला बसवायचे ते कशात? मुळाक्षरे गिरवायला पाटी असते, निबंधाला वही असते. तसे कॉम्प्युटरवर मजकूर लिहिण्यासाठी जे साधन असते त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसणारे संपादक ते हे नव्हेत. अक्षरे लिहावी, खोडावी, इकडची तिकडे न्यावी, हवा तो शब्द शोधावा आणि लिहिलेले जपून ठेवावे, एवढेच याचे काम. ठळक अक्षर, रंगीत चौकट, सुबक समास हा सगळा थाट वर्डसारख्या वर्ड प्रोसेसरचा. एडिटरमध्ये मुळात असतो तो निव्वळ मजकूर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तोच लागतो, वेबसाइटची पाने लिहिणाऱ्याला तोच लागतो, आणि चार गावांच्या नावांची साधी यादी करणाऱ्यालाही तेवढाच पुरतो.

असे एडिटर आज पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाला आपापले भक्त आहेत. एक जाणकार सांगतो, पोरांना नोटपॅड द्या, त्यात काही बिघडत नाही. दुसरा म्हणतो, छे, पहिल्या दिवसापासून विम शिकवा, म्हणजे पोरे पक्की होतील. तिसरा आणखी तिसरेच नाव घेतो. ऐकणाऱ्या शिक्षकाने काय करावे?

मी इतिहास शिकवणारा माणूस. एखाद्या किल्ल्याच्या दरवाजाची वाट उगाच दोनदा वळलेली दिसली, की आम्ही विचारतो, हा बांधणाऱ्याला कोणाची धास्ती होती? उत्तर मिळाले की वळणही कळते आणि बांधणाराही कळतो. एडिटरांचेही असेच आहे. त्यांतल्या ज्या गोष्टी नवख्याला वेड्यावाकड्या वाटतात, त्या तशा का झाल्या हे पाहू गेले, तर ते साधन कोणत्या यंत्रावर बनले आणि बनवणाऱ्याच्या शेजारी त्या वेळी कोण बसले होते, हे उलगडत जाते.

तेव्हा साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जाऊ. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र, आणि त्याच्याशी बोलायचे ते टेलिटाइपवरून. आपल्याकडे तारसेवा २०१३ साली बंद झाली. मोठ्या तारघरांत जे टेलिप्रिंटर खडखडत, त्यांच्याच जातीचे हे यंत्र. त्याला कीबोर्ड होता, कागदाची गुंडाळी होती, पण स्क्रीन नव्हता. १९६३ साली निघालेले टेलिटाइपचे ३३ नंबरचे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापी. आता हिशेब करा. एका पानावर ५० ओळी आणि ओळीत ६० अक्षरे धरली तर झाली ३,००० अक्षरे. म्हणजे लिहिलेले एक पान नुसते पुन्हा पाहायचे तरी पाच मिनिटे खडखडाट ऐकत बसायचे! अशा यंत्रावर काम करणारा माणूस बोलणे तोडूनच बोलणार. एकेक अक्षर महाग.

न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथे केन थॉम्प्सन नावाचे तरुण संशोधक होते. १९६९ च्या उन्हाळ्यात त्यांचे कुटुंब तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेले. घरी एकटे राहिलेल्या या गृहस्थांनी ते तीन आठवडे कसे घालवले? पुढे जगभर पसरलेल्या युनिक्स या प्रणालीचा पाया त्यांनी त्यात घातला, आणि त्यांतला एक आठवडा एडिटरसाठी दिला. तो एडिटर म्हणजे ईडी. त्याच्या आज्ञा एकाक्षरी. डी म्हटले की ओळ पुसली, पी म्हटले की ओळ छापली, डब्ल्यू म्हटले की मजकूर साठवला, क्यू म्हटले की बाहेर. आणि चूक झाली तर? तर ईडी एक प्रश्नचिन्ह छापी. बस्स. काय चुकले, कोठे चुकले, काही नाही, नुसते ‘?’. आपल्या लहानपणी असे एखादे मास्तर आपण पाहिले असतील, मुलाने उत्तर चुकवले की ते काही बोलत नसत, फक्त भुवई वर करीत. हुशार मुलगा ती भुवई वाचून स्वतःला सुधारी. बाकीचे घाबरून खाली बसत.

परंतु यात थॉम्प्सन यांचा तुसडेपणा शोधू नये. ते स्वतःकरिता आणि शेजारच्या चार सहकाऱ्यांकरिता साधन बनवीत होते, आणि त्या सर्वांना चूक कोठे झाली हे न सांगताही कळत होते. सेकंदाला १० अक्षरे छापणाऱ्या यंत्रावर लांबलचक खुलासा कोणाला हवा होता? पुढे बाहेरचे लोक युनिक्स वापरू लागले तेव्हा त्याच प्रयोगशाळेतल्या ब्रायन कर्निघन यांनी नवशिक्यांसाठी ईडीची एक सोपी ओळखपुस्तिका लिहिली. म्हणजे साधन चार जणांचे, आणि ते चाळीस जणांच्या हाती गेल्यावर वर पुस्तिकेचे ठिगळ! हे आपल्याला पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

त्याच सुमारास लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कुलुरिस हे अध्यापक होते. त्यांच्याकडे टेलिटाइपऐवजी स्क्रीनची यंत्रे आली होती, आणि समोर विद्यार्थी होते. त्यांनी ईडीला अशी जोड दिली की चालू ओळ स्क्रीनवर दिसावी आणि तेथल्या तेथे दुरुस्त करता यावी. थॉम्प्सन एकदा त्यांच्या कॉलेजात आले असता त्यांनी हा प्रकार पाहिला आणि सांगितले, असले एडिटर मी पाहिले आहेत, पण मला त्यांची गरज वाटत नाही. दुरुस्ती करताना मजकूर डोळ्यांपुढे असावा असे मला काही वाटत नाही! बुद्धिबळातले काही उस्ताद पट न पाहता खेळतात ना, त्यांतला हा प्रकार. कुलुरिस यांनी मग आपल्या एडिटरला नाव दिले ‘ईएम’, म्हणजे ‘मर्त्य माणसांचा एडिटर’. देवांना दुसरा आहेच! मला हे नाव फार आवडते. शिक्षकाच्या तोंडचे नाव आहे ते.

१९७६ च्या उन्हाळ्यात कुलुरिस कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात गेले आणि बरोबर ईएम घेऊन गेले. तेथे बिल जॉय या विद्यार्थ्याने तो पाहिला, आणि त्यातून धागा घेऊन पुढे ‘व्हीआय’ हा एडिटर घडवला. यात सारे पान स्क्रीनवर दिसू लागले. आता याच व्हीआयच्या पोटी आजचा विम जन्माला आला आणि तो मात्र ‘अवघड’ म्हणून प्रसिद्ध आहे! मर्त्य माणसांसाठी निघालेली वाट पुन्हा उस्तादांच्या आखाड्यात कशी शिरली? त्यालाही कारण आहे.

जॉय यांच्यापुढे लिअर सीगलर कंपनीचे एडीएम-३ए नावाचे यंत्र होते. त्याच्या कीबोर्डवर वर-खाली जाण्याच्या बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांच्या कळांवरच बाण छापले होते. विममध्ये आजही त्याच चार कळांनी डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जाता येते. लोक त्यात काही गूढ अर्थ शोधतात. गूढ काही नाही, कारखान्याची छपाई आहे. त्या यंत्रावर एस्केपची कळ हाताशी, म्हणजे आज जेथे टॅबची कळ असते तेथे होती. आज ती दूर कोपऱ्यात गेली, पण विममध्ये क्षणोक्षणी तीच दाबावी लागते. शिवाय जॉय घरून टेलिफोनच्या तारेवरून काम करीत आणि तीवरून सेकंदाला सुमारे ३० अक्षरे येत. टेलिटाइपच्या तिप्पट, पण तरीही पान भरायला मिनिट-दीड मिनिट! म्हणून पुन्हा तोकड्या आज्ञा, पुन्हा एकेक अक्षर. पुढे जॉय यांनीच एका मुलाखतीत सांगितले की, ज्या जगाकरिता ते साधन केले ते जग आता उरलेले नाही.

अक्षरांच्या कळा जर आज्ञांसाठी वापरल्या, तर लिहायचे कशाने? येथे ‘मोड’ ही गोष्ट आली. व्हीआयमध्ये दोन अवस्था असतात. एका अवस्थेत डी दाबले तर ‘ड’ उमटत नाही, पुसण्याची आज्ञा सुरू होते; दुसऱ्या अवस्थेत तीच कळ अक्षर उमटवते. फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या शिक्षकाने हातात खडू आहे की डस्टर हे न पाहता हात फिरवावा, तसे नवख्याचे होते. लिहायला जातो आणि पुसतो. आणि बाहेर पडायचे म्हटले तर दार सापडत नाही. प्रोग्रॅमर मंडळींच्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या जागी २०१२ साली कोणी विचारले, विममधून बाहेर कसे पडावे? २०१७ सालापर्यंत तो प्रश्न दहा लाखांवर वेळा उघडून पाहिला गेला होता. घ्या! आणि आमच्या गावातल्या एखाद्या मुलाला पहिल्या तासाला ते दार सापडले नाही, तर तो समजतो, आपल्याला हे जमणारे नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याच्या बोटांना हे वळण लागले त्याच्यासाठी व्हीआय म्हणजे एक भाषाच होते. मराठीच्या शिक्षकांना हे लगेच कळेल. डी हे क्रियापद : पूस. डब्ल्यू हे कर्म : शब्द. डीडब्ल्यू म्हटले की शब्द पुसला. मध्ये तीनचा आकडा घातला की तीन शब्द पुसले. क्रियापद बदला, कर्म तेच ठेवा. नवे वाक्य तयार. दहा क्रियापदे आणि दहा कर्मे पाठ असली की शंभर वाक्ये हाती येतात. दिवसभर मजकुराशी झुंजणाऱ्या माणसाला हे व्याकरण फार उपयोगी. नेदरलँड्सच्या ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली विम लोकांपुढे आणला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तो सांभाळला. विम फुकट मिळतो. मूलेनार यांनी युगांडातील किबाले येथे काही काळ मुलांसाठी काम केले होते, म्हणून वापरणाऱ्याने जमल्यास तेथील मुलांना मदत करावी अशी विनंती विम उघडताच पहिल्या पडद्यावर दिसते. अवघड म्हणून नाव काढलेल्या या साधनाच्या उंबरठ्यावर अशी ओळ असावी, हे मला विशेष वाटते.

आता बोस्टनजवळच्या एमआयटीकडे वळू. तेथील कृत्रिम बुद्धीच्या प्रयोगशाळेत टेको नावाचा जुना एडिटर होता. त्याच्या आज्ञा इतक्या अक्षरबंबाळ असत की लिहिणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी त्या वाचता येऊ नयेत. तेथल्या मंडळींनी त्यावर आपापल्या सोयीच्या छोट्या जुळण्या केल्या होत्या, ज्याच्या त्याच्या निराळ्या. १९७६ साली रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी त्या एकत्र करून ईमॅक्स बांधला. यात अक्षराची कळ अक्षरच उमटवते. आज्ञेसाठी कंट्रोलची कळ धरून दुसरी दाबावी लागते. बोटांना कसरत पडते, तो भाग निराळा. याचा मोठा गुण असा की वापरणाऱ्याने तो आतून बदलावा, नवी आज्ञा स्वतः घडवावी आणि शेजाऱ्याला द्यावी, अशीच त्याची रचना. विचारले तर कोणती कळ काय करते हे तो स्वतः सांगतो. १९८५ साली स्टॉलमन यांनी जीएनयू ईमॅक्स लोकांना दिला, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतले ते पहिले मोठे फळ ठरले.

ईमॅक्सच्या कुळातली एक हकीकत प्रत्येक शिक्षकाने ऐकावी अशी आहे. १९७८ साली बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी ईमॅक्सचा अवतार लिहिला. त्यांच्या कचेरीतल्या टायपिंगचे काम करणाऱ्या सेक्रेटरी बायका तो वापरू लागल्या. त्यांना एक पुस्तिका दिली होती, तीत ईमॅक्सला नव्या आज्ञा कशा जोडाव्या ते सांगितले होते. मात्र याला ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणतात, हे तीत कोठे लिहिलेले नव्हते! आपल्याला प्रोग्रॅमिंग येणे शक्य नाही अशी समजूत असलेल्या त्या बायका न बिचकता पुस्तिका वाचत गेल्या आणि आपल्या कामापुरते प्रोग्रॅम लिहू लागल्या. ही हकीकत स्टॉलमन यांनी पुढे आपल्या व्याख्यानात सांगितली आहे. शब्दाची भीती नसती तर किती जणांना किती गोष्टी येतात, पाहा.

दुसरी एक सेक्रेटरी कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात होती, आणि तिची हकीकत याहून महत्त्वाची. तेथे ब्राव्हो नावाचा एक उत्तम एडिटर तयार होता, पण त्यातही मोडचा घोळ होता. असे सांगतात की, आज्ञेच्या अवस्थेत आहोत हे विसरून कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला तर अनर्थ होई : ई म्हणजे सगळे निवड, डी म्हणजे पूस, आय म्हणजे नवे लिही, आणि टी हे लिहिलेले अक्षर. सगळा लेख नाहीसा होऊन मागे एकटा ‘टी’ उरे. तेथल्या लॅरी टेस्लर यांना या मोडांचा मनस्वी कंटाळा. त्यांच्या मोटारीच्या नंबरपाटीवरसुद्धा ‘मोड नकोत’ अशा अर्थाची अक्षरे होती. टेस्लर यांनी काय केले? नुकतीच कामावर लागलेली, कॉम्प्युटरची सवय नसलेली सेक्रेटरी कोऱ्या स्क्रीनपुढे बसवली, हातात दुरुस्त्या केलेला कागद दिला आणि विचारले, या दुरुस्त्या येथे करायच्या झाल्या तर तुम्ही कशा कराल? यंत्र काहीच करीत नव्हते. ती सांगत होती आणि टेस्लर टिपून घेत होते. येथे बोट ठेवीन आणि लिहीन, हा शब्द नको तर त्याच्यावरून रेघ ओढीन. इतके सरळ! बोस्टनकडची जिन ही शालेय पुस्तकांची प्रकाशनसंस्था त्या वेळी झेरॉक्सच्या मालकीची होती. तिच्या बाजूने टिम मॉट आले. त्यांनी पुस्तके तपासणारी माणसे कात्री आणि डिंक घेऊन कागद कसे कापतात, कसे चिकटवतात, ते जवळ बसून पाहिले. टेस्लर आणि मॉट यांनी १९७५ च्या सुमारास जो एडिटर उभा केला त्याचे नाव जिप्सी. कापा, नक्कल घ्या, चिकटवा, म्हणजे कट, कॉपी, पेस्ट, ही आज शाळकरी पोरांच्या तोंडी असलेली रीत स्क्रीनवर अशी रुळली. टेस्लर १९८० साली ॲपल कंपनीत गेले, तेथून ती लिसा आणि मॅकिंटॉश या यंत्रांत आली आणि पुढे सगळीकडे पसरली. २०२० साली टेस्लर वारले.

म्हणून नवशिक्यांचे एडिटर आणि उस्तादांचे एडिटर अशी जी वाटणी लोक करतात ती मला फारशी पटत नाही. थॉम्प्सन यांच्या शेजारी थॉम्प्सनसारखेच लोक होते, टेस्लर यांच्या समोर सेक्रेटरी होती; साधने तशी घडली. त्यात कोणाची बुद्धी जास्त आणि कोणाची कमी, हा मुद्दाच नाही. ग्रीनबर्ग यांच्या कचेरीतल्या बायका सोमवारी नवशिक्या होत्या आणि काही महिन्यांनी नव्हत्या. विम शिकवला की मुलगा पक्का होतो, हे मत मला तालमीतल्या जुन्या वस्तादांसारखे वाटते, जे पोराला पहिल्याच दिवशी थकेपर्यंत बैठका काढायला लावीत. टिकला तो मल्ल झाला. जे परत आले नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवली? उलट वर्षानुवर्षे मुलांना नोटपॅडच्या पलीकडे काही आहे हे कळूच न देणे, हीही मोठी कंजुषी आहे.

नोटपॅड १९८५ साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आला, आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखे थोडकेच. उघडला की कोरे पान, टाइप केले की अक्षर. मात्र त्याच्यात एक जुने भूत बरीच वर्षे मुक्काम करून होते. टाइपरायटरवर ओळ संपली की दांडी ओढावी लागे. त्या एका ओढीत दोन कामे होत : गाडी डावीकडे परत जाई आणि कागद एक ओळ वर सरके. टेलिटाइपवर या दोन कामांना दोन निराळ्या खुणा होत्या. विंडोजने दोन्ही खुणा ठेवल्या, युनिक्सने एकच ठेवली. परिणाम असा, की युनिक्सच्या धाटणीवर लिहिलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून एकच लांब ओळ दिसे. हे २०१८ साली सुधारले. लिनक्सवर नोटपॅडच्या जागी नॅनो असतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पिको या एडिटरची वाट सर्वांना खुली नव्हती, म्हणून १९९९ साली त्याच्यासारखाच हा नवा लिहिला गेला. याच्या तळाशी दोन ओळींत मुख्य कळांची यादी सतत दिसते. अक्षरामागे टोपीसारखी खूण दिसली तर कंट्रोलची कळ समजावी, एवढे सांगितले की मुलाला दार सापडते.

आता आपल्या घरचा प्रश्न. मराठी लिहायची असेल तर? १९९२ साली सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखाली घालायच्या कागदावर, जगातल्या सर्व लिप्यांची अक्षरे एकाच पद्धतीने साठवण्याची एक युक्ती मांडली गेली. तिचे नाव यूटीएफ-८. मांडणारे कोण? रॉब पाइक यांना समोर बसवून, तेच आपले केन थॉम्प्सन! सेकंदाला १० अक्षरांच्या यंत्रासाठी ज्यांनी प्रश्नचिन्हाचा एडिटर लिहिला, त्यांच्याच युक्तीने आज देवनागरी जगभर सुखरूप प्रवास करते. या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच खुणा, म्हणजे १५ बाइट. जुना नोटपॅड मात्र मजकूर साठवताना आपण होऊन ही पद्धत घेत नसे. तो एक इशारा देई, आणि न वाचता होकार दिला तर लिहिलेल्या सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा! तासाभराचा निबंध गेला. २०१९ पासूनच्या विंडोजमध्ये नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ वापरतो. पण शाळांतून जुनी यंत्रे असतात, तेव्हा साठवतानाच्या चौकटीत ‘एन्कोडिंग’पुढे यूटीएफ-८ निवडायला मुलांना पहिल्याच तासाला शिकवावे. जुन्या फाँटांत टाइप केलेली मराठी एडिटरमध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, ते याच्याही आधीच्या काळचे दुखणे. ती मराठी दिसत होती, पण साठवलेली मराठी नव्हती.

आणखी एक. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण कॉम्प्युटर ती अक्षरानंतर साठवतो आणि दाखवताना पुढे आणतो. जोडाक्षरांचीही अशीच जुळणी करावी लागते. काळ्या खिडकीत चालणाऱ्या एडिटरांत, म्हणजे नॅनो, विम वगैरेंत, प्रत्येक अक्षराला एक ठरलेले घर असते, आणि तेथे ही जुळणी पुष्कळदा विसकटते. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. ज्या मुलाला मराठी लिहायची आहे त्याला तेथे बसवू नये. नोटपॅड, किंवा लिनक्सवर जीएडिटसारखा खिडकीतला साधा एडिटर घ्यावा. नवा एडिटर घेताना ‘विद्यार्थ्यांच्या निष्ठा’ असे टाइप करून पाहावे आणि मग मधले एखादे अक्षर खोडून पाहावे. बरे जमले तर घ्यावा. जाहिरात वाचण्यापेक्षा ही परीक्षा खरी.

मोठ्या वर्गात कोणी प्रोग्रॅम लिहू लागला की त्याला व्हीएस कोड दाखवावा. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ साली आणला आणि फुकट दिला. उघडल्याबरोबर टाइप करता येते, शिवाय हवी तशी भर घालता येते. म्हणजे जिप्सीचा सरळपणा आणि ईमॅक्सची वाढ दोन्ही त्यात थोडी थोडी आहेत. पण यंत्र जुने असेल तर तो धापा टाकतो. आणि एडिटरच्या प्रेमात फार पडू नये. २०१४ साली मोठ्या गाजावाजाने आलेला ॲटम १५ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाला. त्यात लिहिलेला निव्वळ मजकूर मात्र कोणत्याही दुसऱ्या एडिटरमध्ये आजही उघडतो. एखाद्याचे बोट खरोखर वेगाने धावू लागले, त्याला माउसकडे हात नेण्याचा कंटाळा येऊ लागला, की मग त्याला विम दाखवावा. विमबरोबर ‘विमट्यूटर’ नावाचा पाठ येतो, तो अर्ध्या तासात होतो. वर्गातल्या दोघातिघांना आवडेल, बाकीच्यांना नाही; कोणाला कमी लेखायचे कारण नाही.

मुले कधी ना कधी चुकून या जुन्या दारांत शिरतातच. म्हणून खोलीतल्या फळ्याच्या कोपऱ्यात न पुसता चार ओळी लिहून ठेवाव्या. नॅनोतून बाहेर : कंट्रोल आणि एक्स. ईमॅक्समधून : कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-सी. ईडीतून : ओळीवर एकटे टिंब देऊन एंटर, मग क्यू, आणि त्याने प्रश्नचिन्ह दाखवले तर न घाबरता पुन्हा क्यू. विममधून : एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर, मजकूर ठेवायचा असेल तर कोलननंतर डब्ल्यू, क्यू, एंटर. विमची ओळ जरा मोठ्या अक्षरांत लिहावी.